सचिवांची साक्ष आणि माझी

आमच्या वाशीच्या सोसायटीत मी विधिमंडळात नोकरीला होते हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे ते माइक ओढतात, कागद फाडून फेकतात, ते तुम्ही समोरून बघितलंय?" बघितलंय. पण माझी नोकरी सभागृहात कमी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या समिती शाखेत जास्त गेली. तिथे कोणी कागद फाडत नसे. उलट, फाडलेले, हरवलेले, वाळवीनं खाल्लेले म्हणून सांगितले गेलेले कागद आम्ही मागवत असू.

बाहेरच्या माणसाला हे थोडं समजावून सांगायला हवं. दहा-पंधरा आमदारांची एक समिती असते, सगळ्या पक्षांची मिळून. तिचा एक समिती प्रमुख. ही मंडळी लांब टेबलाभोवती बसतात आणि एखाद्या खात्याच्या सचिवाला समोर बसवून विचारतात, हे काम का झालं नाही, ही फाइल कुठे आहे. याला आम्ही 'साक्ष' म्हणतो. मी ज्या समितीची कक्ष अधिकारी होते ती विनंती अर्जांची. साध्या नागरिकानं अर्ज लिहायचा, त्यावर एका आमदाराची सही घ्यायची, आणि तो समितीनं दाखल करून घेतला की खात्याला उत्तर द्यावंच लागतं. सचिवांना बोलावणारं पत्र मी लिहीत असे.

त्या पत्रामागे ताकद मोठी असते. समिती माणूस बोलावू शकते, कागद मागवू शकते. तो आला नाही, खोटं बोलला, कागद दडवला, तर हक्कभंग. सभागृह त्याला समज देऊ शकतं, मनात आणलं तर कोठडीतही धाडू शकतं. हे सगळं नियमांत आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे एक शिपाई आणि एक जावक नोंदवही होती. पोलीस सरकारचे, गाड्या सरकारच्या, कागदांच्या खोल्यांच्या किल्ल्याही सरकारच्याच. त्यातून समितीतले निम्म्याहून जास्त आमदार सरकारच्याच पक्षाचे. म्हणजे आपल्याच घरातल्या कर्त्या माणसाला हिशेबाला बसवायचं.

त्यामुळे खाती आम्हाला खेळवत. एक अधीक्षक अभियंता प्रत्येक साक्षीच्या दिवशी आजारी पडायचे आणि प्रत्येक वेळी प्रमाणपत्रावर नवा आजार असायचा. तिसऱ्या वेळी समिती प्रमुखांनी मला लिहायला सांगितलं, "पुढच्या खेपेला डॉक्टरांना सोबत आणावे, दोघांचीही साक्ष घेऊ." अभियंता ठणठणीत बरे होऊन आले. दुसऱ्या एका कार्यालयाकडे आम्ही एक आदेश मागितला होता, त्यांनी सात पोती कागद पाठवले. मी आणि माझी सहकारी चार दिवस धूळ खात बसलो. आदेश सापडला नाही. एका हॉटेलचं मेनूकार्ड मात्र सापडलं, नीट पृष्ठांकन केलेलं.

हे किस्से सांगून मी बरीच वर्षं लोकांना हसवलं. पुढची गोष्ट मात्र सांगायची टाळत आले.

चांगुणाबाई पहिल्यांदा आमच्या शाखेत आल्या तेव्हा माझं जेवण व्हायचं होतं. साठीच्या, अंगानं बारीक, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला अर्ज. ऐरोली आणि दिघ्याच्या मधल्या खाडीकाठचं त्यांचं गाव, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. मी बसायला सांगितलं तरी उभ्याच राहिल्या.

"यो अर्ज. आमदाराची सही हाय," त्या म्हणाल्या. "वाट पायजे आमाला, बाय. दुसरं काय मागत नाय."

गावातून खाडीवरच्या बंदरावर जायची वाट होती. बंदर म्हणजे होड्या लावायची जागा आणि बाजूला जाळी-मासळी सुकवायचं मैदान. ती सगळी जमीन एका सरकारी खात्याच्या ताब्यात. त्या खात्यानं ती एका कारखान्याला दिली आणि कारखान्यानं भिंत घातली, फाटक लावलं. गावानं तक्रार केली तेव्हा खातं म्हणालं, इथे वाट कधी नव्हतीच.

"व्हती," चांगुणाबाई म्हणाल्या. "भिंत घालायच्या आदी तुमची सरकारी मानसं येऊन मोजून गेली. साखळी धरली व्हती आमच्या मालकांनी. नकाशा काडला, त्यावर गावच्या पाच जनांच्या सह्या घेतल्या. तो नकाशा काडा म्हनावं. बाकी कायच नको."

त्यांचे मालक, म्हणजे नवरा, तोवर वारले होते.

अर्ज दाखल झाला. मी खात्याला पत्र लिहिलं, संयुक्त मोजणीचा नकाशा समितीला सादर करावा. उत्तर आलं, "सदर अभिलेख आढळून येत नाही, शोध सुरू आहे." हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा वाचलं होतं की त्याचे दोन भाग मला वेगवेगळे दिसायचे. नाही म्हणायचं आहे, पण नाही म्हटल्याची जबाबदारी नको आहे.

आमचे समिती प्रमुख गुंजाळ साहेब तेव्हा नवीन होते. नगरकडचे, पूर्वी शाळामास्तर, सत्ताधारी पक्षाचे. दोनदा निवडून आलेले, मंत्री कधीच झाले नाहीत. ते म्हणाले, "सचिवांना साक्षीला बोलवा. नकाशा घेऊन या म्हणावं, नाहीतर नाही हे तोंडानं सांगा."

मी पत्र तयार केलं. ते जायच्या आदल्या दिवशी मला फोन आला. खात्याचे सचिव, कारखानीस साहेब, स्वतः बोलत होते.

कारखानीस साहेबांना मी नोकरीला लागले तेव्हापासून ओळखत होते. आमच्या पहिल्या प्रशिक्षणात त्यांनी टिपणी कशी लिहावी ते शिकवलं होतं. लहान वाक्य लिहा, विशेषणं गाळा, आपलं मत शेवटी. आजही मी लिहिते ते त्यांच्याच शिकवणीनं.

"सावंत, तुम्ही लिहिलेलं पत्र लगेच ओळखू येतं मला," ते म्हणाले. मला बरं वाटलं. "एक करा. साक्षीचं जरा थांबवा. माझे लोक शोधतायत. दोन आठवडे द्या, नकाशा हातात घेऊनच येतो. समितीचाही वेळ वाचेल."

मुदत मागितली की ते समिती प्रमुखांपुढे ठेवायचं, हा नियम. पण एवढ्या-तेवढ्या दिवसांसाठी शाखेतल्या शाखेत सांभाळून घ्यायची पद्धतही होती. मी पत्र थांबवलं. गुंजाळ साहेबांना म्हटलं, "खातं नकाशा शोधतंय साहेब, येईल." हे खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

दोन आठवड्यांनी पुन्हा फोन. मग आणखी एकदा. मध्ये अधिवेशन आलं, त्यात सगळी शाखा बुडाली. मग कारखानीस साहेबांचे सहायक फोन करू लागले आणि मी त्यांनाही हो म्हणू लागले. माझा त्यात काही फायदा नव्हता, हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय. एक सचिव मला नावानं ओळखतो, माझ्याकडे काही मागतो, याचं मला अप्रूप होतं. एवढंच होतं. एवढ्यासाठी मी पाच महिने ते पत्र टेबलावर ठेवलं, आणि त्या पाच महिन्यांत सगळा पावसाळा गेला.

दिवाळीनंतर गुंजाळ साहेबांनी एक दिवस फाइल मागवली, सगळी वाचली, आणि फक्त एवढंच म्हणाले, "आपण तिकडेच जाऊ. जागा बघू, आणि साक्ष त्यांच्याच कार्यालयात घेऊ. नकाशा शोधायला त्यांना लांब जायला नको."

समिती सकाळी खाडीवर पोचली. उंच भिंत, निळं फाटक, फाटकाला कुलूप. पलीकडून चिखलाचा आणि माशांचा वास येत होता, म्हणजे पाणी तिथेच होतं, हाताच्या अंतरावर. चांगुणाबाई गावच्या बायकांबरोबर उभ्या होत्या. बाजूला त्यांचा मुलगा, अंगात रबाळ्याच्या कुठल्याशा कंपनीचा गणवेश.

गुंजाळ साहेबांनी त्याला विचारलं, "तुम्ही होडीवर जात नाही?"

"होडी नाय आता, साहेब," तो म्हणाला. "इथं लावायला मिळत नव्हती, म्हनून दिघ्याकडच्या पुलाखाली बांदायचो. जुलैच्या उधानात दोरी तुटली. खांबावर आपटून फळ्या निघाल्या. मग काय, कंपनीत लागलो."

जुलै. मी मनातल्या मनात महिने मोजले. जुलैमध्ये ते पत्र माझ्या टेबलावर होतं.

तिथून आम्ही बेलापूरला, खात्याच्या कार्यालयाकडे निघालो. मी गुंजाळ साहेबांच्या गाडीत पुढे बसले होते. वाटेत त्यांना फोन आला. पलीकडून कोण बोलत होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण मंत्र्यांशी बोलताना आमदारांचा आवाज कसा होतो ते मला माहीत आहे.

"हो साहेब... सरकार आपलंच आहे, मान्य आहे," ते म्हणत होते. "म्हणूनच बंद दाराआड विचारतोय. दुसऱ्याचं असतं तर सभागृहात ओरडलो असतो." मग बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तिकिटाचं बघू साहेब तेव्हाचं तेव्हा."

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडून फाइल मागून घेतली आणि ते ती पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागले.

खात्याच्या सभागृहात टेबलं मांडलेली होती, काजू-बिस्किटांच्या बशा होत्या. एका बाजूला समिती, समोर कारखानीस साहेब आणि त्यांचे अधिकारी, कडेला आमचे प्रतिवेदक, म्हणजे शब्दन्‌शब्द लघुलिपीत उतरवून घेणारे. अर्जदारालाही बोलावता येतं, म्हणून चांगुणाबाई मागच्या खुर्चीवर होत्या.

गुंजाळ साहेबांनी विचारलं, "नकाशा मिळाला?"

"शोध सुरू आहे, साहेब," कारखानीस म्हणाले.

"किती दिवस?"

"आम्ही वेळोवेळी मुदत घेतलेली आहे. समितीनंच ती दिलेली आहे."

गुंजाळ साहेब वळून माझ्याकडे बघू लागले. त्यांनी मुदत दिली नव्हती, हे त्यांना पक्कं माहीत होतं. फाइलमध्ये तसा कागद नव्हता, हे मला माहीत होतं. आणि मी गप्प राहिले तर 'गैरसमज झाला असेल' म्हणून सगळं निभावेल, हे कारखानीस साहेबांना माहीत होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या कागदाच्या कडा बोटानं सारख्या करत होते.

मी उभी राहिले. कक्ष अधिकाऱ्यानं साक्षीच्या वेळी बोलायचं नसतं.

"मुदत समितीनं दिलेली नाही," मी म्हटलं. "मी दिली. फोनवर. समिती प्रमुखांना न विचारता. साक्षीचं पत्र पाच महिने माझ्याकडे पडून होतं."

प्रतिवेदकाची पेन्सिल थांबली. त्यानं गुंजाळ साहेबांकडे पाहिलं, हे लिहायचं का म्हणून. त्यानं आणि मी वीस वर्षं एकत्र डबा खाल्लेला होता.

"लिहा," गुंजाळ साहेब म्हणाले. "त्या बोलल्या तसंच लिहा." मग कारखानीसांकडे वळून म्हणाले, "म्हणजे मुदत नाही. आता सांगा, नकाशा देता की नाही?"

कारखानीस साहेबांनी शेजारच्या अधिकाऱ्याशी कुजबुज केली. मग एकदम वेगळ्या आवाजात म्हणाले, "नियमाप्रमाणे, एखादा दस्तऐवज उघड करणं राज्याच्या हिताला बाधक असेल तर शासन तो सादर करण्यास नकार देऊ शकतं."

हा नियम खरा आहे. सरकारच्या हातातलं हे शेवटचं पान. पण माझ्या साऱ्या नोकरीत, मासळी सुकवायच्या जागेसाठी ते कोणी टाकलेलं मी पाहिलं नव्हतं.

गुंजाळ साहेब रागावले नाहीत. मास्तर फळ्यावरची चूक दाखवतात तशा आवाजात म्हणाले, "बरोबर आहे. नकार द्या. फक्त लेखी द्या. या नकाशानं राज्याच्या कुठल्या हिताला बाधा येते ते एका वाक्यात लिहा, खाली तुमचं नाव, पदनाम, सही. मी ते विधानसभेच्या अध्यक्षांपुढे ठेवतो आणि सभागृहात वाचून दाखवतो. आणि हो, मगाशी म्हणालात नकाशा सापडत नाही. आता म्हणता उघड करता येत नाही. दोन्हीतलं खरं कुठलं, तेही लिहा."

मी कोरा कागद त्यांच्यासमोर नेऊन ठेवला. कारखानीस साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. कागदाकडे बराच वेळ बघितलं. ज्यांनी मला टिपणी लिहायला शिकवली त्यांना ते एक वाक्य लिहिता येईना. शेवटी टोपण परत बसवलं आणि म्हणाले, "अभिलेख कक्षात पुन्हा एकदा बघायला सांगतो."

अभिलेख कक्ष त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर होता. अर्ध्या तासात तिथल्या बाई गुंडाळी घेऊन वर आल्या. तिच्यावर फारशी धूळही नव्हती.

नकाशा टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर बिस्किटांच्या बशा ठेवल्या. गावापासून खाडीपर्यंत दोन तुटक रेषा, त्यांवर लिहिलेलं, 'मच्छीमारांची वहिवाट'. शेवटाला मैदान. खाली पाच सह्या. गुंजाळ साहेबांनी चांगुणाबाईंना पुढे बोलावलं. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी पाचांमधली तिसरी सही त्यांनी बोटानं बरोबर दाखवली.

"ही मालकांची," त्या म्हणाल्या. "एवडंच लिवायला शिकले व्हते ते. भिंतीवर गिरवायचे कोळशानं. माजी भिंत सगळी काळी केली व्हती." आणि मग इतका वेळ सरळ उभी असलेली ती बाई खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. कारखानीस साहेबांच्या एका तरुण अधिकारी बाईंनी पाण्याचा ग्लास नेऊन दिला.

पुढचं थोडक्यात सांगते. वाट मोकळी करावी अशी शिफारस करणारा अहवाल सभागृहात सादर झाला. कारखानीस साहेबांवर हक्कभंगाचं चालवायचं का, यावर समितीत दोन बैठका झाल्या. त्यांनी लेखी दिलगिरी पाठवली आणि विषय मिटला. बहुतेक विषय असेच मिटतात. मला ज्ञापन मिळालं, खुलासा मागवला गेला, सेवापुस्तकात ताकीद आली, अवर सचिवाची बढती एक वर्ष लांबली. मी खुलाशात विशेषणं गाळली. गुंजाळ साहेबांना पुढच्या निवडणुकीत तिकीट मिळालं नाही. त्याचा याच्याशी संबंध होता का, मला सांगता येणार नाही. ते आता गावी शाळेचं बघतात.

विधिमंडळाला सरकारवर समन्स बजावण्याची ताकद खरंच आहे का, असं मला नंतर एका तरुण सहकाऱ्यानं विचारलं होतं. मी त्याला म्हटलं, आहे, पण ती पुस्तकात झोपलेली असते. कोणीतरी तिला रोज उठवावं लागतं. सरकारला ती मोडायची गरजच नसते, आपल्याच बाजूचं कोणीतरी 'घ्या दोन आठवडे' म्हणतं आणि तेवढ्यावर ती पुन्हा झोपते. ते कोणीतरी म्हणजे मीच होते, हे त्याला सांगायला मला लाज वाटली नाही. तोवर ते छापील कामकाजात आलेलंच होतं.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी चांगुणाबाईंचा निरोप आला, येऊन जा. वाशीहून बस पकडून गेले. निळं फाटक उघडं होतं. हातगाडी जाईल एवढी वाट मोकळी झाली होती, तारेच्या दोन कुंपणांमधून. पलीकडे चार-पाच होड्या लागलेल्या. त्यांत चांगुणाबाईंची नव्हती. मुलगा कामावर गेला होता.

आम्ही बंदराच्या दगडावर बसलो. ओहोटी होती. मी मनात जुळवून आणलेलं बोलायला सुरुवात केली. "चांगुणाबाई, तुमची होडी फुटली तेव्हा ते पत्र माझ्याकडे..."

"आयकलं व्हतं मी," त्या म्हणाल्या. "मागंच बसले व्हते ना."

"मग मला बोलावलंत कशाला?"

"माफ-बिफ करायला नाय बोलावलं," त्या म्हणाल्या. "होडी गेलीच ना माजी. ती काय येत नाय आता. पोरगा बी येत नाय परत पान्यावर." मग त्यांनी कुंपणापलीकडच्या मैदानाकडे बोट केलं. तिथे कारखान्याचे रिकामे पिंप रचून ठेवले होते. "ते सुकवनीचं मैदान दिलं नाय त्यांनी. नकाशात हाय ना ते?"

"आहे."

"मंग अर्ज लिवा. तुमाला येतो. आनी आता तुमाला कोनाचा फोन बी येनार नाय."

पिशवीतून त्यांनी कोरे कागद आणि पेन काढलं. सगळी तयारी करूनच बसल्या होत्या. मी मांडीवर पर्स ठेवली, तिच्यावर कागद, आणि लिहू लागले. लहान वाक्यं. शेवटी लिहिलं, तरी याबाबत खात्याचा खुलासा एक महिन्यात मागवावा, ही विनंती. आणि त्यांना वाचून दाखवलं.

"म्हयना कशाला?" चांगुणाबाई म्हणाल्या. "नकाशा आता वरतीच हाय त्यांच्या. आठ दिस लिवा."

मी महिना खोडला आणि आठ दिवस लिहिलं.